बरं की मर

१८ जुलै

प्रिय आत्या,

नमस्कार. पोचले. ट्रंक पोचली, गादी पोचली, तू दिलेला डबा मात्र गाडीतच संपला. काल घरी फोन लावला होता. कुणीतरी उचलला, पलीकडून आपल्या सगळ्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकू आला आणि फोन बंद झाला. ऐकून छान वाटलं, पण त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. तेव्हा आता पत्रंच लिहायची.

वसतिगृहाची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. सोबत एक चष्मेवाली आहे, डॉक्टरांची मुलगी. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, "खिडकी उघडू का?" तर शेजारच्या खोलीतल्या दोघी धावत आल्या. त्यांना वाटलं, भांडण लागलं! मी म्हटलं, आमच्याकडे असंच बोलतात. मग आवाज कमी करायला गेले, तर तो निघेचना. जेवायच्या टेबलावर शेजारणीकडे तीनदा मीठ मागितलं, ओठांनीच. तिनं ढुंकून पाहिलं नाही. मला एकतर ओरडता येतं, नाहीतर मुक्यानं बोलता येतं. मधलं काही आपल्या घरात कुणी शिकवलंच नाही.

चष्मेवालीला सगळं समजावून सांगावं लागलं. शेडमध्ये माग चालू असले की गळा फोडूनही ऐकू जात नाही, म्हणून आम्ही एकमेकांचे ओठ वाचतो. पण प, ब आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात. म्हणून ब असला तर बोट गळ्याला लावायचं, म असला तर नाकाला, आणि प असला तर काहीच नाही. तिनं आरशासमोर उभं राहून "पापा, बाबा, मामा" म्हणून बघितलं आणि "अगं बाई, खरंच की!" म्हणत खाली बसली.

आता खरं काम. विद्यापीठाचा फॉर्म भरला त्या दिवसापासून बाबा माझ्याकडे बघत नव्हते, हे तुला ठाऊक आहे. बाकीच्या घरांत अबोला धरला की लोक तोंड मिटतात, आपल्याकडे तोंड फिरवतात. निघताना मी शेडच्या दारातून म्हटलं, "जाते मी." तेव्हा त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. "जा बरं" म्हणाले, नाहीतर "जा मर" म्हणाले. दोन्ही हात तुटलेल्या धाग्यात अडकले होते, बोट कुठंच लागलं नाही. नियमानं धरलं तर ते "जा पर" म्हणाले, आणि त्याला काही अर्थच नाही.

तू तिथंच धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होतीस. सांग, काय म्हणाले?

तुझी,
कांडी

---

३० जुलै

चि. कांडीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. एवढं शिकायला गेलीस आणि पहिला प्रश्न हा? अगं, बरं म्हणाला. मी या दोन डोळ्यांनी पाहिलं. "जा बरं" म्हणाला, आणि लगेच धाग्याकडे वळला, कारण धागा काही तुझ्या गाडीसाठी थांबत नाही.

तुझा बाप तोंडानं कसा आहे, हे मला सांगू नको. माझा थोरला भाऊ आहे तो, तुझ्याआधीपासून ओळखते. तू फॉर्म भरलास तेव्हा म्हणाला होता, "बोलण्याचं शास्त्र? बोलायला तर आई फुकटात शिकवते, त्याला विद्यापीठ कशाला?" गल्लीत हसले लोक. पण दुसऱ्या दिवशी हाच गडी रंगाऱ्याला सांगत होता, "भाषाशास्त्र म्हणतात त्याला. सोपं नसतं." मी पाठीमागे उभी होते, त्याला माहीत नव्हतं.

आवाजाचं मनावर घेऊ नको. ओरडलीस तर ओरडलीस. त्या डॉक्टरीणबाईच्या लेकीला म्हणावं, कानात कापूस घाल.

इकडं सगळं नेहमीचं. नव्या पोरीला कांड्या भरायला शिकवते आहे. बोट कापून घेतलंन पहिल्याच दिवशी. तुझ्यासारखी काटकुळी आहे, पण कांडी हे नाव काही मी तिला दिलं नाही. ते एकदा दिलं ते दिलं.

जेवत जा.

तुझी आत्या

---

९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. तू खोटं बोललीस.

कांड्या भरायचं यंत्र भिंतीकडे तोंड करून आहे. तू बसतेस तेव्हा बाबांकडे तुझी पाठ असते. लहानपणी तुझ्या पाठीमागे बाबा नि मी तुझी किती चेष्टा केली आहे, तुला एकदाही कळलेली नाही. तेव्हा "या दोन डोळ्यांनी" कसं पाहिलंस?

रागावले नाही. पण इथं माझं काही खरं नाही, म्हणून ते जास्त लागतं. परवा तासाला सरांनी मला प्रश्न विचारला. उत्तर येत होतं. वर्गात वरचा पंखा घरघरत होता, बाजूची मुलं कुजबुजत होती, आणि मला वाटलं शेडमध्येच आहे. उठले आणि सगळं उत्तर ओठांनी दिलं. अगदी व्यवस्थित, सविस्तर. सर वाट बघत राहिले. मग कुणीतरी मागून म्हणालं, "सर, आवाज गेलाय, बहुतेक फ्यूज उडाला." सगळे हसले. आता मला मूकपट म्हणतात. प्रेमानंच म्हणतात, पण म्हणतात.

आत्या, मी हे कशावर भाळून घेतलं आठवतंय का? बाबा मला आधी वस्त्र महाविद्यालय दाखवायला घेऊन गेले होते. घरापासून बसनं जाऊन-येऊन शिकता आलं असतं. तिथले नवे माग इतके गुपचूप चालत होते की बाबा म्हणाले, "आवाज नाही, मग चालतोय कशावरून म्हणायचं?" तरी त्यांचे डोळे लकाकत होते. मी शिकून येईन, शेडमध्ये असला एक तरी माग आणीन, असं सगळं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. नंतर या विद्यापीठात आम्ही नुसते बघायला म्हणून आलो. एका दारावर माणसाच्या तोंडाचं उभं कापलेलं चित्र होतं, आणि खाली एका चौकटीत प, ब, म शेजारी शेजारी. मला वाटलं, आपल्या शेडची कुणीतरी वर्गात तसबीर लावली आहे. तिथंच ठरवलं. बाबा चित्राकडे बघत होते की माझ्याकडे, मी पाहिलंच नाही.

वस्त्र महाविद्यालयात अजून दोन जागा रिकाम्या आहेत असं कळलं. परत यावं का? बाबांना विचार. आणि तेही विचार, त्या दिवशी काय म्हणाले ते. खरं काय ते कळव.

कांडी

---

२० सप्टेंबर

चि. कांडीस आशीर्वाद.

बरं बाई, नाही पाहिलं. पाठ होती माझी. चुकले. पण पाहिलं असतं तर "बरं"च पाहिलं असतं, असं मला वाटतं.

विचारलं त्याला. तो सांगणाऱ्यातला आहे का? आधी म्हणाला आठवत नाही, मग तोंड फिरवून तेलाचा डबा शोधायला लागला. डबा समोरच होता. आता मी काही पुन्हा विचारणार नाही, तुमच्या दोघांच्या भांडणात माझा मागावरचा धोटा होतोय. इकडून तिकडं, तिकडून इकडं.

परत यायचं मात्र डोक्यातून काढून टाक. तुझी आई असती तर तिनं हेच म्हटलं असतं, फक्त माझ्यापेक्षा गोड शब्दांत. लोक हसले म्हणून कुणी शेत सोडतं का? हसतील, कंटाळतील, गप्प होतील.

तुला एक सांगते. तू तान्ही होतीस तेव्हा सुताच्या मोठ्या टोपलीत तुला निजवायचो, दादाच्या मागापासून हाताच्या अंतरावर. एवढ्या गदारोळात तू गाढ झोपायचीस. आणि वीज गेली, माग थांबले, की टाहो फोडायचीस. तुला उगी करायला तुझा बाप टोपलीवर वाकून ओठ हलवायचा. आवाज काढायचा नाही. काय म्हणायचा कोण जाणे, पण तू त्याच्या तोंडाकडे बघत राहायचीस आणि गप्प व्हायचीस. सगळी पोरं आवाजावर वाढतात, तू ओठांवर वाढलीस. मग आता शांततेत रडू आलं तर त्यात नवल काय? त्यासाठी एवढ्या लांबून परत यायचं नसतं.

मूकपट तर मूकपट. मूकपट बघायला एके काळी लोक रांगा लावायचे.

तुझी आत्या

---

४ डिसेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. बरेच दिवस लिहिलं नाही, कारण दिवस बरे चालले होते. माणूस सुखात असला की पत्र लिहीत नाही, असं तूच म्हणतेस.

झालं असं की, उच्चार शिकवणाऱ्या बाईंच्या तासाला प, ब, म यांत फरक काय, हा विषय निघाला. बाई उत्तर सांगणार, तेवढ्यात माझं बोट आपोआप गळ्याला गेलं, मग नाकाला. बाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "हे कुठं शिकलीस?" म्हटलं, "घरी." त्या हसल्या. ब म्हणताना गळा थरथरतो, म म्हणताना वारा नाकातून जातो, आणि प म्हणताना दोन्ही नाही. आपण बोट लावतो ते अगदी त्याच जागी! आत्या, आपल्याकडे हे कुणी सुरू केलं? तुम्हाला कुणी शिकवलं? बाई म्हणतात, पुढच्या वर्षी यावर काहीतरी लिही. सगळ्या वर्गानं दोन दिवस बोटं लावून गप्पा मारल्या. मूकपट हे नाव गेलं नाही, पण आता त्यात थोडी इज्जत आली आहे.

आणि आवाजही सापडायला लागला आहे. मधला. चष्मेवाली रोज माझ्याकडून एक परिच्छेद वाचून घेते आणि हातानं वर-खाली दाखवते, बँडच्या मास्तरासारखी.

हे बाबांना सांगावं म्हणून बुधवारी फोन लावला. खडखडाट ऐकू येईल, तेवढंच पुरे, असं वाटलं. पण पलीकडून एक माणूस म्हणाला, "हॅलो? कोण बोलतंय?" बारीक, मऊ आवाज. मी म्हटलं, "माफ करा, राँग नंबर," आणि ठेवला. जिना उतरताना पाय थांबले. नंबर बरोबर होता.

ते बाबा होते ना? मी त्यांचा आवाज ओळखला नाही, आत्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते आपल्याशी ओठांनीच बोलतात, आणि व्यापाऱ्यांशी ओरडून. हा तिसरा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

पण बुधवारी माग बंद कसे?

कांडी

---

१५ डिसेंबर

चि. कांडीस आशीर्वाद.

तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. बोटं कुणी सुरू केली म्हणतेस, तर आमच्या आईच्या वेळेपासून आहेत. तिची आई म्हणे दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला होती, तिथून आणली. त्याच्या आधीचं देव जाणे. चोरीचा माल समज.

बुधवारी वीज गेली होती. हल्ली फार जाते. दादा फोनजवळच बसला होता. राँग नंबरवाल्या मुलीचा फोन आला होता एवढं म्हणाला. मग जेवायला हाक मारली तरी फोनजवळून उठला नाही.

थंडी पडली आहे का तिकडं? माझी शाल घेऊन जा म्हटलं तर नको म्हणालीस. माझा गुडघा दुखतो. रंगाऱ्याच्या पोरीचं लग्न ठरलं. नवीन पोरगी काम सोडून गेली. बाकी सगळं ठीक.

तुझी आत्या

---

२ जानेवारी

प्रिय आत्या,

वीज गेली होती, तर फोनवर बाबांच्या मागे मला टीव्हीवरच्या बातम्या कशा ऐकू आल्या? तेव्हा लिहायचं राहिलं.

तुझं पत्रही नेहमीचं नाही. गुडघा, शाल, रंगाऱ्याची पोरगी, सगळं एका दमात. तू काही लपवत असलीस की असंच करतेस. आई आजारी होती तेव्हाही मला अशीच रंगाऱ्याच्या घरची खबर देत बसायचीस.

माग विकले का?

खरं सांग. उलट टपाली कळव, नाहीतर मी पुढच्या गाडीनं येते.

कांडी

---

११ जानेवारी

चि. कांडी,

हो. विकले.

पावसाळा संपता संपताच काम सुटायला लागलं होतं. व्यापारी म्हणतात, नव्या मागांचं कापड सफाईदार आणि लवकर. एक एक करत माग थांबले. शेवटी भंगारवाला आला. माग उचलून नेताना दादा शेडमध्ये थांबला नाही, गच्चीवर जाऊन उभा राहिला. मी होते खाली. त्या लोकांना बोलण्याची पद्धत नाही, नुसते आरडत होते. पहिल्यांदाच शेडमध्ये माणसांचे आवाज ऐकू येत होते, आणि ते असे.

तुला कळवायचं नाही, हे दादानंच सांगितलं. माझे हात धरून सांगितलं, नुसत्या ओठांनी. "कांडी धावत येईल. तिला येऊ द्यायचं नाही." म्हणून लपवलं. तुला हेही सांगू नको म्हणाला होता, पण मी किती जणांचं ऐकू?

आता तो कापडाच्या दुकानात मोजणीला जातो. पहिले काही दिवस गिऱ्हाइकांशी ओठांनीच बोलायचा. एका बाईनं मालकाला सांगितलं, "बिचारा मुका आहे, पण माप चोख देतो." मालकानं हसत हसत घरी येऊन सांगितलं. दादाही हसला. मग आतल्या खोलीत आरशासमोर उभा राहून काहीतरी म्हणत होता. हळू आवाजात. सराव चालला होता. तुझी चष्मेवाली तुला शिकवते, त्याला शिकवायला आरसा.

घर फार शांत झालंय गं. मी भांडी जरा जोरात ठेवते, तेवढाच आवाज.

येऊ नको. तुझ्याकडच्या बाजूला दुकानाच्या कामासाठी दादा या महिन्यात येणार आहे, असं मालक म्हणत होता. तुला भेटेल की नाही, त्यानं काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तुम्ही दोघं आता मोठे आहात. धोटा व्हायचं सोडलं मी.

तुझी आत्या

---

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. बाबा आले होते.

दुपारी मी वाचनालयात बसले होते. वाचनालयाला मोठी काचेची भिंत आहे, आणि बाहेरच्या लोकांना आत सोडत नाहीत. मान वर केली तर काचेपलीकडे बाबा उभे. इस्त्रीचा शर्ट, काखेत कापडाचे नमुने. मला आधी पाहिलं होतं त्यांनी, कारण ते सरळ माझ्याकडे बघत होते. फॉर्म भरल्यापासून एवढा वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

मी उठायला लागले, तर त्यांनी हातानं बस म्हटलं. मग ओठांनी म्हणाले, "काम होऊ दे. मी आहे."

मी कसलं काम करते? पुस्तक उघडं ठेवून आम्ही बोलत बसलो. मध्ये काच, अर्धं वाचनालय, दहाबारा वाचणारी डोकी.

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"मालकाबरोबर. भात कच्चा होता."

मग म्हणाले, "माग विकले."

"माहीत आहे."

"आत्यानं सांगितलं?"

"फोननं सांगितलं. तुमचा आवाज ऐकू आला."

यावर ते काचेजवळ सरकले. "राँग नंबर म्हणालीस. मी ओळखलं होतं तुला." मग विचारलं, "कसा आहे आवाज?"

"बारीक आहे," मी म्हटलं. ब आहे म्हणून बोट गळ्याला लावलं. समोरच्या मुलाला वाटलं, माझा घसा बसला आहे. त्यानं पाण्याची बाटली सरकवली.

बाबांनी त्या हॉलभर नजर फिरवली. टेबलं, दिवे, वरपर्यंत गेलेली कपाटं. म्हणाले, "इथं आपल्या घरासारखंच आहे. कुणी बोलत नाही, तरी सगळे कामात आहेत."

तेव्हा मला धीर आला, आत्या. विचारलं. "मी निघाले त्या दिवशी काय म्हणालात?"

त्यांना लगेच कळलं, कोणता दिवस. छताकडे बघितलं, कापडाचे नमुने एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतले. तेलाचा डबा शोधायला इथं जागा नव्हती. मग हात वर गेला आणि बोट नाकाला लागलं.

म. मर म्हणाले होते.

मला वाटलं होतं, तसं असेल तर मी रडेन. मला हसू फुटलं. इतके महिने मी त्या अक्षराला घाबरले, आणि ते सांगताना माणूस शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा! मी हसले, आणि आपल्या घरचं हसू तुला माहीत आहे, ते मधल्या आवाजात येत नाही. सगळी डोकी वर झाली. ग्रंथपालबाई उठल्या, चष्म्यावरून बघून दाराकडे बोट दाखवलं.

बाहेर आले. आता मध्ये काच नव्हती, तरी दोघांनाही काय करावं कळेना. बाबा म्हणाले, आवाजात, "तसं म्हणालो ते तुझ्यामुळे नाही गं, माझ्यामुळे. शेड राहणार नाही, हे मला तेव्हाच दिसत होतं." एवढंच. त्यांचा आवाज खरंच बारीक आहे. ऐकायला थोडं पुढं वाकावं लागतं.

घंटा झाली. मला बाईंच्या तासाला जायचं होतं, त्यांची गाडी होती. मी आपली सवयीनं म्हणून गेले, "जाते मी."

ओसरीत चिटपाखरू नव्हतं. पंखासुद्धा नव्हता. कुजबुजले असते तरी ऐकू आलं असतं. बाबा चांगलं मोठ्यानं म्हणाले, "जा बरं."

आणि तरीही बोट गळ्याला लावलं होतं. मी जिना चढून वर जाईपर्यंत काढलं नाही.

तुझी,
कांडी